सिमेंटमधली माणसं

(यवतमाळ येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथं जमतो, ते चित्रकलेचे शिक्षक होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना गावोगावची मुलं बसवणारे, ड्रॉइंगच्या तासाला गणिताचा तास होऊ न देणारे. त्यांच्या नावानं बोलायला मिळतं आहे, याचा मला मनापासून आनंद आहे.

आयोजकांनी मला विषय सुचवला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या फ्रेंच शिल्पकारांचा. माणसाच्या देहाकडे त्यांनी कसं पाहिलं आणि तो घडवायला कोणतं द्रव्य हाताळलं, हे सांगा म्हणाले. त्या विषयाकडे मी येणार आहे. पण यवतमाळात उभं राहून हे बोलायचं, तर आधी पायाखाली काय आहे ते पाहू या. इथं कपाशीची काळी माती आहे. वणीकडे कोळसा आणि चुनखडी आहे, राजूरला चुन्याच्या भट्ट्या, मुकुटबनला सिमेंटचा कारखाना. झरी-जामणीत शिबल्याच्या बाजूला बेसॉल्टचे षटकोनी खांब जमिनीतून वर आलेत. पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे गेलं की उशेगावचे ओझा कारागीर मेणाच्या दोऱ्यांतून पितळी मूर्ती ओततात. शिल्पकाराला लागणारं जवळजवळ सगळं द्रव्य या टापूत आहे. त्या द्रव्यातून आपण कोणाचे देह घडवले, हा मला खरा प्रश्न वाटतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. द्रव्य निवडलं की शिल्पातलं निम्मं ठरून जातं. देह कोणाचा, तो किती वर्षं टिकायचा, देवळात राहायचा की चौकातल्या उन्हात, तो कोणाला परवडायचा, हे सगळं त्या निवडीत आलं. आणि महाराष्ट्रानं आपली माणसं ज्या द्रव्यात सर्वांत जास्त उभी केली, त्या सिमेंटकडे आपल्या कलाविचारानं अजून नीट पाहिलेलंच नाही.

द्रव्य देहाला कसं वळण लावतं, ते पाहा. ग्रीकांचे ब्राँझचे पुतळे रोमन लोकांनी संगमरवरात उतरवले, तेव्हा त्या उघड्या वीरांच्या पायाशी अचानक झाडाचं खोड आलं. ब्राँझचा पोकळ पुतळा दोन घोट्यांवर उभा राहतो, संगमरवराचा भरीव पुतळा घोट्यात मोडतो. म्हणून ते खोड. कथेत त्याला काही जागा नाही, ते निव्वळ दगडाच्या वजनासाठी आहे. वेरूळच्या लेण्यांतली महिषासुरमर्दिनी आठवा. तिचे अनेक हात मागच्या कातळाला धरून आहेत, कारण दगडात हात हवेत फेकता येत नाही.

आणि आता आपली दुर्गा बघा. यवतमाळच्या नवरात्राचं नाव कोलकात्याच्या पाठोपाठ घेतलं जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको. लोक देखाव्यांबद्दल, रोषणाईबद्दल भरभरून बोलतात. मूर्तीच्या आतल्या गोष्टीबद्दल फार कमी बोलतात. आधी लाकडाची आणि बांबूची चौकट होते. तिच्यावर तणसाच्या मुठी सुतळीनं करकचून आवळतात आणि तिथंच, माती लागण्याआधी, देह ठरतो. कंबर कुठं वळली, कोणत्या पायावर भार आला, खांदा किती मागं गेला, हे सगळं तणसात बांधलेलं असतं. मग भुसा मिसळलेल्या जाड मातीचा हात. ती वाळून भेगाळली की वर बारीक गाळलेल्या मातीचा दुसरा हात, आणि भेगांवर पातळ चिखलात बुडवलेल्या कापडाच्या पट्ट्या. चेहरा बहुतेक वेळा साच्यातून येतो, बोटं मात्र वेगळी वळून मग जोडतात. डोळे सगळ्यात शेवटी.

तणस हलकं असतं. त्या हलकेपणामुळेच दहा हात मोकळ्या हवेत उगारता येतात, त्रिशूळ खाली झेपावतो आणि महिषासुर मागं कलंडतो. वेरूळच्या कातळाला जे जमलं नाही ते गवत, सुतळी आणि चिखल करून दाखवतात. आणखी एक गोष्ट. आपली काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. नुसत्या त्या मातीची मूर्ती केली तर ती नवमीपर्यंत टिकणार नाही. म्हणून मूर्तिकार भुसा घालतो, दुसरी माती मिसळतो, पट्ट्या लावतो. इथला कारागीर मातीचा स्वभाव शेतकऱ्याइतकाच ओळखतो. तिच्या फुगण्या-आकसण्याशी वाटाघाट केल्याशिवाय त्याला देह घडवताच येत नाही.

ही नऊ-दहा दिवसांची मूर्ती झाली. आता टिकणाऱ्या देहाकडे येऊ.

मराठी शिल्पकलेची गोष्ट बहुधा गणपतराव म्हात्रे यांच्या ‘मंदिरपथगामिनी’पासून सांगतात आणि ते योग्यच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, शिकण्याच्या वयात असलेल्या मुलानं देवळाकडे निघालेली नऊवारीतली तरुणी घडवली. युरोपीय पद्धतीचं शरीरज्ञान मराठी लुगड्याच्या निऱ्यांखाली इतकं सहज नांदताना त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं. रवींद्रनाथांनी तिच्यावर बंगालीत लेख लिहिला. ती घडली प्लास्टरमध्ये. प्लास्टर थिजताना किंचित फुगतं आणि साच्याच्या बारीकसारीक रेषेतही शिरतं, म्हणून वस्त्राची चुणी त्यात हुबेहूब येते. पण त्याला पाऊस चालत नाही. ते छपराखालचं, दालनातलं द्रव्य आहे आणि ती तरुणीही दालनातच राहिली.

मला जास्त वेळ घालवायचा आहे तो विनायक पांडुरंग करमरकरांवर. 1891 साली अलिबागजवळच्या सासवण्यात त्यांचा जन्म झाला. घरात गणपती घडवण्याची सवय. गावातल्या राममंदिराच्या भिंतीवर या मुलानं काढलेले शिवाजी महाराज कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडले आणि मुलगा जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोचला. पुढं कलकत्त्यात स्टुडिओ, मग लंडनची रॉयल अकॅडमी. 1928 साली पुण्यात शिवरायांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण झालं. साडेतेरा फूट उंच, अखंड ओतलेलं ब्राँझ. धावत्या घोड्याचं वजन पेलायचं तर ब्राँझच हवं होतं.

करमरकरांची कीर्ती त्या पुतळ्यावर उभी आहे. माझ्या लेखी मात्र त्यांचं मोठेपण सासवण्याच्या घरात आहे. तिथं आता त्यांचं संग्रहालय आहे. गावातली माणसं, कोळिणी, मुलं, अंगणातली म्हैससुद्धा. यांतलं कितीतरी काम सिमेंटमध्ये आहे. रॉयल अकॅडमीत शिकून आलेला, राजेरजवाड्यांची कामं केलेला हा शिल्पकार गावकऱ्यांचे देह घडवताना गवंड्याचं द्रव्य हातात घेतो. ही नुसती काटकसर होती असं मी मानत नाही. ब्राँझमध्ये प्रकाश घसरतो, संगमरवरात तो थोडा आत शिरतो. सिमेंट प्रकाश पिऊन टाकतं. त्यामुळे त्यातला देह चमकत नाही. तो उन्हात राबलेल्या कातडीसारखा राखी, सुका, खरबरीत राहतो. कोळणीच्या दंडाला संगमरवरानं नाजूक केलं असतं, सिमेंटनं तो दंड तिचा तिलाच ठेवला. पुतळा सरदारांचा आणि गव्हर्नरांचा असण्याच्या काळात, पैसे देणारं कोणी नसताना, करमरकरांनी या माणसांना पूर्ण आकाराचा मान दिला. 1962 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 1967 साली ते गेले. सिमेंटमधली त्यांची माणसं अजून तिथंच आहेत.

फ्रान्सकडे जायला इथूनच रस्ता आहे. लोखंडी जाळीवर सिमेंट थापायचं पेटंट 1867 साली ज्यानं घेतलं, तो जोसेफ मोनिए पॅरिसमधला माळी होता. मोठ्या झाडांच्या कुंड्या फुटू नयेत एवढीच त्याची इच्छा होती. आपल्या चौकाचौकांतल्या पुतळ्यांची जात त्या कुंड्यांतून निघाली आहे. पुढं 1926 च्या सुमारास कार्लो साराबेझोल यांनी काँक्रीट पुरतं घट्ट होण्याआधीच त्यात थेट कोरायला सुरुवात केली. पॅरिसजवळच्या विलमोंब्ल या गावी एका चर्चच्या मनोऱ्यावर त्यांनी असे देह कोरले. दगडात शिल्पकार वर्षभर काढू शकतो, इथं त्याच्या हातात काही तास. त्यामुळे रूप ठसठशीत झालं, नखरे गळून पडले. सिमेंटचा गिलावा खेचणाऱ्या आपल्या गवंड्याला ही घाई समजावून सांगावी लागणार नाही.

आणि आता जर्मेन रिशिए. हिच्याविषयी मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1902 साली दक्षिण फ्रान्समध्ये जन्मलेली ही बाई शिल्पकार रोदँच्या परंपरेत कसून शिकली. प्रत्यक्ष माणसाच्या अंगावर रेषा आखून, कंपासनं मापं घेऊन ती काम करी. म्हणजे देह मोडायच्या आधी तो मोजायला ती शिकली होती, आणि हे मी इथल्या तरुण मित्रांना मुद्दाम सांगतो. युद्ध संपलं तेव्हा युरोपात जळलेल्या, उपाशी, छिन्न देहांचा खच पडला होता. गुळगुळीत देह घडवणं तिला खोटं वाटू लागलं असावं. 1947-48 मध्ये तिनं ‘वादळ’ हा पुरुषदेह केला. समोर मॉडेल म्हणून उभा होता नार्दोने, ऐंशी ओलांडलेला म्हातारा. हाच नार्दोने तरुणपणी रोदँच्या ‘बाल्झाक’ या पुतळ्यासाठी उभा राहिला होता. रोदँनं ज्याची ताकद पाहिली त्याच माणसाचं सुटलेलं पोट, खचलेले खांदे रिशिएनं पाहिले. तिनं मातीला भोसकलं, ओरखडलं, चेहरा जवळजवळ पुसून टाकला आणि ते सगळे घाव ब्राँझमध्ये तसेच उतरू दिले. ब्राँझ हे राजांचं, सेनापतींचं द्रव्य. तेच तिनं एका थकलेल्या माणसाच्या कातडीला दिलं.

आल्प्समधल्या आसी गावच्या चर्चसाठी 1950 साली तिनं ख्रिस्त घडवला. आजूबाजूला क्षयरोग्यांची आरोग्यधामं होती. तिच्या ख्रिस्ताला क्रूस वेगळा नाही. देहच झाडाच्या वाळक्या फांदीसारखा ताणून क्रूस झाला आहे आणि चेहरा नाही म्हणावा इतका पुसट. पुढच्याच वर्षी बिशपांच्या आदेशावरून तो हलवण्यात आला. श्रद्धावानांना हा अपमान वाटला. आरोग्यधामातल्या रुग्णांना मात्र तो देह आपला वाटला होता, असं सांगतात. फासळ्या मोजता येतील असं अंग ज्यांनी रोज आरशात पाहिलं, त्यांना त्या ब्राँझची ओळख पटली. पुष्कळ वर्षांनी तो ख्रिस्त पुन्हा आपल्या जागी आला.

शिल्पकार सेझार यांच्याविषयी थोडक्यात. मार्सेयच्या गरीब वस्तीतला हा मुलगा. संगमरवर आणि ब्राँझ परवडेना म्हणून तो भंगाराच्या लोखंडाला वेल्डिंग करू लागला, पुढं अख्ख्या मोटारी दाबयंत्रात घालून त्याचे ठोकळे केले. 1965 साली त्यानं स्वतःच्या अंगठ्याचा साचा घेऊन तो वाढवला. पॅरिसच्या ला देफाँस भागात तो अंगठा 12 मीटर उंच उभा आहे. मला सेझार रिशिएइतका भिडत नाही, त्याच्यात खेळ जास्त आहे. पण परवडत नाही म्हणून हाती आलेल्या द्रव्यातून नवी भाषा निघते, एवढं त्यानं जगाला पटवलं. आपल्या गावांनी ते कोणाची वाट न पाहता केलं होतं.

मी बाबासाहेबांच्या पुतळ्यांबद्दल बोलतो आहे. मुंबईत 1962 साली आणि संसदेच्या आवारात 1967 साली उभे राहिलेले बाबासाहेबांचे ब्राँझ पुतळे ब्रह्मेश वाघ यांनी घडवले. पुढं ते रूप गावोगाव गेलं : सूट, चष्मा, डाव्या हाताशी संविधान, उजवा हात उचललेला आणि तर्जनी समोर. विदर्भातल्या वस्त्यांनी हे पुतळे रोजंदारीतून वर्गणी काढून उभे केले. ब्राँझला पैसे नव्हते, म्हणून सिमेंट. त्यावर निळा रंग. कलासमीक्षक या पुतळ्यांना ओबडधोबड म्हणतात, प्रमाण चुकलं म्हणतात. पिढ्यान् पिढ्या ज्यांना रस्त्यातून ताठ चालू दिलं नाही, त्यांनी गावाच्या तोंडावर एक ताठ देह उभा केला. भरदिवसा, भर चौकात, पूर्ण कपड्यांत, कोणाकडे मान न झुकवता. गेल्या शतकात भारतात मानवी देहाबद्दल याहून मोठं विधान कोणत्या कलादालनानं केलं, मला ठाऊक नाही.

आणि या विधानाचा सगळा भार येतो एका बोटावर. जवळून पाहा. खांद्यापासून निघालेली सळई कोपरातून मनगटात येते, आणि बोटात शिरते ती जेमतेम एखादी बारीक तार. तिच्यावर सिमेंटचा पातळ थर. लोखंड आणि काँक्रीट उन्हात जवळजवळ सारखंच प्रसरण पावतात, म्हणून त्यांचा संसार टिकतो. आपल्या मे महिन्यातल्या 45 अंशांतही ते एकमेकांना सोडत नाहीत. घात करतं ते पाणी. बारीक भेगेतून ओल आत गेली की तार गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त, कधी सहापट जागा घेतो आणि आतून रेटून सिमेंट फोडतो. बोट पहिल्यांदा तिथंच तडकतं. मग कोणीतरी घाईनं सिमेंट भरतं, वर ऑइलपेंटचा हात फिरतो, आत गंज चालूच राहतो. आणि आपल्या समाजात तडकलेलं बोट म्हणजे नुसतं तडकलेलं बोट नसतं. कोणी फोडलं, या प्रश्नावरून गाव पेटू शकतं. म्हणून हे शास्त्र पुतळा समितीच्या प्रत्येक सभासदाला माहीत असायला हवं. ओतल्यावर किमान आठवडाभर बारदाना गुंडाळून पाणी मारत राहणं, सळईवर पुरेशी जाडी ठेवणं, दर पावसाळ्याआधी बोट, चष्मा आणि संविधानाचा कोपरा तपासणं, गंजलेली तार उघडी करून खरवडल्याशिवाय वर लेप न देणं. हे कलेचंच काम आहे.

आता जी गोष्ट बोलायला मी खरं तर इथं आलो, तिच्याकडे येतो. ज्या देहावर हा जिल्हा उभा आहे, तो देह कोणत्याच द्रव्यात नाही. कापूस वेचणाऱ्या बाईचं शरीर म्हणतो मी. कमरेला ओटी बांधलेली, पाठ वाकलेली, दोन्ही हात एकाच वेळी दोन बोंडांवर. बोंडाच्या वाळक्या टोकांनी नखांच्या कडा फाटलेल्या. वेचता वेचता ओटी भरत जाते आणि तोल बदलत जातो : सकाळी भार पायांवर असतो, दुपारी तो पोटाशी येतो. शिल्पकाराला याहून अवघड आणि याहून भरलेला देह कुठं मिळणार? 2019 च्या जानेवारीत याच शहरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं आणि त्याचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीनं. साहित्यानं त्या दिवशी त्यांना व्यासपीठ दिलं. शिल्पानं अजून काही दिलेलं नाही. आमचे चौक नेत्यांनी भरले आहेत, आणि शेतकरी दिसलाच तर तो फेटा बांधून, नांगर खांद्यावर घेऊन, हसऱ्या चेहऱ्यानं जाहिरातीतून उतरल्यासारखा.

कशात घडवायचा तो देह? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. ब्राँझ नको. त्याचा झळाळ तिला वीरांगना करून टाकेल आणि मग तिच्या पाठीचं दुखणं कोणाला दिसणार नाही. संगमरवर तर नकोच. काळी माती जवळची, पण ती भेगाळते. तरी काळ्या मातीचा पहिला नमुना मला हवा आहे, भेगांसकट, कारण रिशिएनं शिकवलंय की भेग हीसुद्धा देहाची गोष्ट असते. त्या भेगाळलेल्या नमुन्याचा साचा काढावा आणि तो सिमेंटमध्ये ओतावा. चुनखडी आणि चिकणमाती 1450 अंशांच्या आसपास भाजून जे होतं ते सिमेंट, म्हणजे आपल्याच जमिनीचं भाजलेलं रूप. त्याला रंग देऊ नये. करमरकरांच्या माणसांसारखं राखी राहू द्यावं. आणि उंच चौथरा नको. कापसाच्या मार्केट यार्डात, जिथं गाड्या रांगेत लागतात तिथं, जमिनीवर, माणसाच्या उंचीला.

हे काम परगावच्या कोणा मोठ्या नावाला देऊ नका, अशी माझी विनंती आहे. तणसात कंबर वळवणारे हात आपल्याकडे आहेत. सळई वाकवणारे, गिलावा खेचणारे गवंडी आहेत. पैनगंगेपलीकडे मेणाची दोरी गुंडाळणारे ओझा आहेत, त्यांच्या आदिलाबाद डोकरा कामाला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. या तिघांना एका छपराखाली महिनाभर बसवा. सोबत शरीरशास्त्र शिकलेला एखादा तरुण शिल्पकार द्या, जे.जे.चा किंवा नागपूरच्या कला महाविद्यालयाचा. आणि मुख्य म्हणजे वेचणीला जाणाऱ्या बायांना तिथं बोलवा, त्यांना रोजी द्या, आणि पाठ कुठं दुखते हे त्यांनी शिल्पकाराला बोट ठेवून दाखवावं. नार्दोनेला उभं राहण्याचे पैसे मिळत होते. आमच्या आयाबहिणींनाही मिळाले पाहिजेत.

तोवर एक काम उद्यापासून करता येईल. यवतमाळात नवरात्रात किती माणसं मूर्ती पाहायला येतात, आणि त्यांतल्या कितींना ती कोणी घडवली हे माहीत असतं? मंडळाच्या फलकावर अध्यक्ष असतो, स्वागताध्यक्ष असतो, मंडपवाल्याचा फोन नंबरसुद्धा असतो. गावच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर अनावरण करणाऱ्या पाहुण्याचं नाव संगमरवरात कोरलेलं असतं आणि घडवणाऱ्याचं कुठंच नसतं. या सभागृहात दुर्गोत्सव मंडळांचे आणि पुतळा समित्यांचे पदाधिकारी बसलेले मला दिसताहेत. येत्या नवरात्रात वर्गणीच्या पावतीवर मूर्तिकाराचं नाव आणि गाव छापा. चौथऱ्यांवर जिथं जागा असेल तिथं शिल्पकाराचं आणि ज्यानं सळई बांधली त्या गवंड्याचं नाव कोरून घ्या. माणसं हयात आहेत तोवर त्यांना विचारून घ्या, कारण यातली पुष्कळशी नावं कुठल्याही कागदावर नाहीत.